विषम बेडची डॉक्टर

आमच्या वॉर्डात तिला सगळे ‘परत-बघते’ म्हणायचे. पोट तपासून झालं की, ‘ठीक वाटतंय, पण दोन तासांनी परत बघते,’ हे ठरलेलं. आणि बाई खरंच यायची हो! जेवण अर्धं टाकून, चपला फटफटवत. तिच्या कॉलेजचं नाव ऐकून लोक विचारायचे, ‘हे कुठे आलं?’ दुसरा निवासी डॉक्टर ज्या कॉलेजचा, त्याचं नाव ऐकताच नातेवाईक उठून उभे राहायचे. त्याला आम्ही ‘नामांकित’ म्हणायचो. तोंडावर नाही हं.

मी सव्वीस वर्षं सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर आहे. नव्या पोरींना नेहमी सांगत आले, कॉलेज बघू नका, हात बघा. बोलायला माझं काय जात होतं!

त्या मंगळवारी सकाळी माझा थोरला भाऊच पोट धरून आला. परत-बघतेनं तपासलं. म्हणाली, “अपेंडिक्स असू शकतं, आत्ता नक्की सांगता येत नाही. परत बघते.” दादाला सात नंबरचा बेड मिळाला. आमच्याकडे विषम बेड हिचे, सम बेड नामांकिताचे. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. इतरांच्या पोटांना चालणारी पोरगी माझ्या दादाच्या पोटाला चालेना! आठ नंबर रिकामा झाला, तशी मी चादर बदलली आणि दादाला तिकडे हलवलं. विचारतंय कोण? वॉर्ड माझा.

दहा वाजता ती आलीच. “सिस्टर, काका कुठे गेले?”

“ते आता तुमच्याकडे नाहीत,” मी तोडून टाकलं. तिनं बेडचा नंबर पाहिला आणि गेली.

नामांकित आला. रक्ताचे रिपोर्ट पाहिले, सोनोग्राफी पाहिली, दादाशी फार छान बोलला. पांघरूण मात्र बाजूला केलं नाही. खोटं कशाला बोलू, पोरगा हुशार आहे आणि ऑपरेशनमध्ये त्याचा हात सफाईदार चालतो. पण मला चैन पडेना. पोरींवर खेकसले, इंजेक्शनचा ट्रे उगाच दोनदा लावला, दर दहा मिनिटांनी आठ नंबरशी जाऊन उभी राहिले.

बाराच्या सुमारास दादा म्हणाला, “थांबलं गं दुखायचं. बरं वाटतंय.”

मी नामांकिताला फोन लावला. “थांबलं? उत्तम! संध्याकाळच्या राउंडला बघतो.”

आणि मी, मूर्ख बाई, खूश झाले. अपेंडिक्स फुटलं की दुखणं थोडा वेळ थांबतं, हे मी पोरींना किती वेळा शिकवलंय! दादाच्या कपाळावर घाम दिसला, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. नाडी मोजली. एकशे वीस.

मी धावतच ड्रेसिंगच्या खोलीत तिच्याकडे गेले. “डॉक्टर, माझ्या दादाला परत बघता का हो?”

तिनं एका शब्दानं विचारलं नाही, आता का म्हणून. हातमोजे काढून टाकले, तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि दादाच्या पोटावर ठेवले. “पोट कडक लागतंय, सिस्टर. ऑपरेशनची तयारी करायला सांगा, मी मोठ्या सरांना फोन करते.”

पोटात पू झाला होता. सर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. दादा वाचला. नामांकितही ऑपरेशनला शेवटपर्यंत उभा होता, उतरलेल्या चेहऱ्यानं.

तिसऱ्या दिवशी मी तिला टेबलापाशी गाठलं. लाजेनं जीव चालला होता, पण बोलले. “डॉक्टर, त्या दिवशी बेड मीच बदलला. तुमच्या कॉलेजमुळे.”

“कळलं होतं मला.” ती केसपेपरवर लिहीत राहिली. मग मान वर न करताच म्हणाली, “मागच्या वर्षी माझ्या बाबांचं ऑपरेशन होतं, दुसऱ्या हॉस्पिटलात. त्यांना माझ्याच कॉलेजचा डॉक्टर मिळाला होता. मी भांडून दुसरा मागून घेतला.”

तिनं पेनाला टोपण लावलं आणि नऊ नंबरचं पोट बघायला गेली.