स्टेडियममागची लाल कौलं

मंडळी, इंग्लंडमधली माझी फुटबॉल टीम आज सीझनची शेवटची मॅच हरली आणि सगळ्यात वरच्या लीगमधून खाली गेली.

इथे आखातात, उम्म अल हस्समच्या आमच्या खोलीत सगळे हळहळले. मी मात्र टीव्हीवर स्टेडियममागची लाल कौलारू घरं बघत बसलो. कॅमेरा वर गेला की ती दिसतात आणि वाटतं, आता आई अंगणात येईल. त्या कौलांसाठीच तर मी या टीमचा झालो.

माझे रूममेट, दापोलीचे अस्लमभाई म्हणाले, "खलास! खालच्या लीगच्या मॅच इथं दाखवत नाय. आता तुझं गाव दिसायचं नाय."

गुहागरच्या आमच्या घरावर आता स्लॅब आहे, मीच हौसेनं टाकून घेतलेला. कौलं उरली होती ती त्या स्टेडियममागेच.

तुमचं गाव तुम्हाला कुठे दिसतं?