प्याला माह्या पुढून गेला

प्याला माह्या नाकापुढून गेला. मी डोळे मिटून तोंड वर केलं होतं, अन् पाळकसाहेबानं तो उचलून बाजूच्या बाईच्या ओठाले लावला. वरून हळूच म्हणे, "तुला शेवटी देतो."

चर्चात, पुऱ्या मंडळीसमोर! पहिल्या रांगेत!

मी त्या चर्चची पेटीवाली. गायनमंडळ मीच उभं केलं. मिशनच्या शाळेत गाणं शिकवत होती, तिथल्याच आवारात खोली, खोलीत मी अन् माही म्हातारी आई. सिंदेवाहीकडचं धानाच्या पट्ट्यातलं गाव, चार-पाच सालाआधीची, ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. आमचे आजोबा महाराचे ख्रिस्ती झाले. छप्पन साली भाऊबंदांनी बुद्ध धरला, तवा आम्ही त्यायले सांगत होतो, आमच्या इथी तं जात पह्यलेच गेली. लय मिरवलं बापा.

प्रभुभोजनाले द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यायच्या ओठाले लागे. तो फिरेतवर गाणं थांबू द्याचं नाई, असा आमचा रिवाज. म्हणून पेटीवाली शेवटी. "तुझे हात सेवेत आहेत, बाई," पाळकसाहेब म्हणत. मले ते गोड लागे. कायची सेवा अन् कायचं काय! पेटीवर मान घालून बसली, प्याला कुठून कुठी जाते हे कधी पाह्यलंच नाई.

त्या दिवशी कापणीचा सण होता. वेदीपाशी धानाच्या पेंड्या रचल्या होत्या. नागपुरावरून पाहुणे आले, पेटी त्यायनं घेतली. माहे हात मोकळे. पहिल्या रांगेत मोठ्या पंचाच्या बायकोशेजारी मले जागा भेटली. पंच म्हणजे मंडळीचा कारभारी, शाळाही त्याच्याच हाती. त्याचे आजोबा मोठ्या जातीतून आलेले. प्याला माह्यापाशी आला, पंच खाकरला, पाळकसाहेबानं त्याच्याकडे पाह्यलं, अन् प्याला पुढे सरकला.

मंग मी मान वळवून सगळं पाह्यलं. मोठ्या घरचे आधी. मंग बाकीचे. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर आमची वस्ती, महाराचे ख्रिस्ती झालेले. माही आई तिथीच, डोक्यावर पदर घेऊन वाट पाहून राह्यली होती. तिचे हात कोणत्या पेटीवर होते? तिले काऊन शेवटी? माह्या अंगाची लाही लाही झाली. याच पंचाच्या नातीचे बोटं धरधरून मी तिले सूर शिकवले. तवा विटाळ नाई झाला!

वस्तीले पाजून झालं अन् उरलेला प्याला घेऊन पाळकसाहेब माह्याकडे आले.

"घे, बाई."

"नाई घेत."

"हे प्रभूचं रक्त आहे."

"मंग प्रभूलेच विचारा, माहा नंबर कवा होता?"

शेवटचं गाणं कापणीचं. आमच्याकडच्या दंडार नाचाच्या चालीवर मीच बसवलेलं, पाहुण्यायले ते येत नव्हतं. पेटी थांबली. गायनमंडळातल्या पोरी माह्या तोंडाकडे पाहून राह्यल्या. मी ओठ दाबून उभी. भेव लागत होतं, खोटं कायले बोलू.

पंच ओरडला, "गाणं घे!"

"नाई गात."

कोणालेच सूर धरता आला नाई. गाण्याबिगर मंडळी घरी गेली.

सायंकाळी पंचाचा निरोप आला. येत्या रविवारी सगळ्यायसमोर माफी माग, नाई तं शाळा अन् खोली दोन्ही सोड. आई रडाले लागली.

"माग वो माय माफी. कुठी जाऊ आपण?"

"आई, तुले शेवटी पाजतेत. तुले राग नाई येत?"

"येते नं. पण तू पुढे बसून गातेस, ते पाहून गिळून घेत होती."

माह्या गाण्यापायी ती गिळत होती! मी भडाभडा रडली. मंग उठून भांडे बांधले.

रविवारी गेली. माफीसाठी उभं केलं, तवा मी म्हटलं, "प्याला शेवटच्या बाकापासून सुरू करा. पह्यला घोट माह्या आईले. त्या दिवशी गाईन. तोवर या छपराखाली माहा आवाज निघणार नाई."

पंच म्हणे, "बाहेर हो." आईचा हात धरून मी निघाली.

आता वस्तीत मोहाच्या झाडाखाली पोरी शिकायले येतेत. सण आला की चर्चमधून बोलावणं येते, माह्याबिगर त्यायचं गाणं पडते नं. मी एकच विचारते, "आईले आधी पाजता का?" निरोप आणणारा आल्या वाटेनं वापस जाते. मी काई त्याच्यासंगं जात नाई. मरेतवर जाणार नाई.