पेरांवरचे गडी

ओट्यावर मांडी घालून, डोळे अर्धवट मिटून, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत भटजीकाका बसलेले दिसले की परगावचा माणूस लांबूनच हात जोडी. त्याला वाटे, भटजी जपात आहेत. आम्ही गल्लीतली मंडळी मात्र गालातल्या गालात हसत असू. जप कसला हो! आमच्या तालमीच्या हुतुतूच्या संघाची जुळवाजुळव चाललेली असे.

अंगठा शेवटच्या पेरावर पोचला की डोळे उघडत आणि समोर कोणीही असो, त्याला सांगत, "यंदा ढाल आपली."

मार्गशीर्ष लागला की हे सुरू होई. माघात गंगेच्या वाळवंटात सामने होत आणि जिंकणाऱ्याची ढाल दरवर्षी नदी ओलांडून पंचवटीला जाई. आम्हा नाशिककरांना गोदावरीला गंगाच म्हणायची सवय, तेवढं सांभाळून घ्या. आमच्या गल्लीनं ढाल कधी पाहिलीच नव्हती. पण भटजीकाकांना त्याचं काय! गेल्या माघातला मार दिवाळीच्या फराळापर्यंत साफ विसरून ते पुन्हा नव्या उमेदीनं बसत.

जपाचीच रीत त्यांनी संघाला लावली होती. सुरुवात अनामिकेच्या मधल्या पेरापासून, शेवट तर्जनीच्या मुळाशी. पेरं दहा, म्हणजे सात गडी आणि तीन राखीव. पहिल्या पेरावर तांबट आळीतला गणपत. हंड्यांवर हातोडा चालवून चालवून त्याचं मनगट असं झालं होतं की त्यानं घोटा धरला की समोरच्याचा हुतुतू घशातच राही. दुसऱ्या पेरावर इस्माईल, देवळाली कँपातल्या गोऱ्यांना पाव पोचवणाऱ्या बेकरीवाल्याचा मुलगा. कोणीतरी कुजबुजलं, "काका, जपाच्या पेरावर इस्माईल?"

"तुझा दम त्याच्याएवढा टिकतो का? नाही ना? मग गप बस," काका म्हणाले.

आणि मी? मी तर्जनीच्या मुळाशी, दहावा. भांड्यांच्या दुकानात तराजू धरणारा माणूस मी, तालमीत जायचो ते मुख्यतः गप्पा ठोकायला. "मग मला घेता कशाला?" म्हटलं तर काका म्हणत, "पेर मोकळं कसं सोडायचं?"

मुहूर्त काढणं हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांनी एकदा सांगितलं की दुसरं पंचांग कोणी उघडत नसे. त्या वर्षी गणपतचं लग्न ठरलं. मुलगी सिन्नरची. मुलीचे वडील ओट्यावर आले तेव्हा मी शेजारीच पानाला चुना लावत होतो.

"माघात होईल का, भटजीबुवा?"

काकांनी पंचांग उघडलं. बोट एका ओळीवर जरा थांबलं. मग त्यांनी ते मिटलं आणि म्हणाले, "माघात नाही. एकदम वैशाख."

पाहुणे वळणापलीकडे गेल्यावर मला हळूच म्हणाले, "मुहूर्त आहे रे. पंचमीला, गोरज. नेमका ढालीच्या सामन्याचा दिवस."

मी मांडीवर थाप मारली. "काका, जिंकलंत!"

काका हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांचा अंगठाही थांबला. हात उपरण्यात गुंडाळून बसत. "काका, संघ कसा आहे?" विचारलं तर "असू दे" म्हणत. आम्हाला चैन पडेना. मार्गशीर्षात त्यांनी ढालीचं नाव काढलं नाही असं कधी झालं नव्हतं.

अशात गणपत आला. त्याची आई आधीच अंथरुणाला खिळलेली, सून पाहायची एवढी एकच इच्छा धरून असलेली. "वैशाख ऐकल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलीय," तो म्हणाला. "अन्नाला शिवत नाही."

काका तसेच उठले. "ऊठ रे, चल माझ्याबरोबर," ते मला म्हणाले.

तांबट आळीत हातोड्यांचा ठणठणाट चालला होता. काका बाजेपाशी उभे राहिले आणि त्या आवाजावर आवाज काढून एका दमात बोलले, "गणपतच्या आई, माघात मुहूर्त आहे. पंचमीचा. मी नाही म्हणालो ते त्या मेल्या ढालीसाठी. गणपत खेळायला हवा होता मला. या वयात खोटं बोललो."

मी दाराकडे पाहिलं. म्हटलं, आता म्हातारी शिव्यांची लाखोली वाहणार. ती काकांकडे टुकुटुकु पाहत राहिली आणि एकदम हसायलाच लागली. हसता हसता रडू लागली.

"एवढंच? अहो भटजीबुवा, मला वाटलं पोराच्या पत्रिकेत काही वाईट निघालं आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय! जीव टांगणीला लागला होता माझा. ढाल होय? नुसती ढाल?" मग तिनं हाक मारली, "गणपत, अरे भाकर आण मला!"

काका मटकन जमिनीवर बसले. "सुटलो," म्हणाले. डोळे उपरण्यानं पुसले तरी भरून येत होते.

गणपत म्हणाला, "काका, लग्न तर गोरज. सामना दुपारी. खेळून येतो नि उभा राहतो बोहल्यावर." आईसुद्धा राजी झाली. भडकले ते काकाच. "हळद लागलेला मुलगा वाळवंटात? आणि मनगट मुरगळलं म्हणजे? त्या मुलीचा हात काय इस्माईल धरणार? घरात बस!"

गणपत घरात बसला. पहिले दोन राखीव त्याचेच चुलतभाऊ, ते वऱ्हाडात. राहिलं कोण? मी! काय सांगू तुम्हाला, सपाटून हरलो. एकटा इस्माईल काय काय करील? मला तर पंचवटीकर दिसेल तिथे वाळूत झोपवत होते. नाकातोंडात वाळू घेऊन आम्ही तांबट आळीतल्या मांडवात पोचलो तेव्हा मंगलाष्टकं चालू होती. काकांनी भुवई उडवून विचारलं. मी मान हलवली.

पुढचं "सावधान" त्यांनी असं खणखणीत म्हटलं की वाजंत्रीवाले दचकले. कोपऱ्यातल्या बाजेवर गणपतची आई उशीला टेकून बसली होती आणि सगळ्यांच्या आधी तिच्याच अक्षता उडाल्या.

चैत्रात ती गेली. सुनेच्या हातचं पाणी पिऊन गेली. वैशाख लागला त्या दिवशी गणपत येऊन काकांच्या पायांवर डोकं ठेवून गेला.

ढाल काही त्यांच्या हयातीत आली नाही. शेवटच्या मार्गशीर्षात त्यांची उजवी बाजू गेली होती. गणपत रोज जाऊन बसे. त्याचा पंजा छातीवर घेऊन काका डाव्या अंगठ्यानं त्याच्या बोटांची पेरं मोजत. त्या दिवशी मीही होतो. अंगठा रखडत रखडत तर्जनीच्या मुळाशी आला आणि थांबला. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"आहेस ना रे?"

"आहे, काका."

"मग झालं. यंदा ढाल आपली."

माघात ओटा रिकामा होता. सामन्याच्या दिवशी मी दुकानाला दांडी मारली आणि सुटलेलं पोट घेऊन वाळवंटात राखीव गड्यांत जाऊन बसलो. पोरं हसत होती, हसू देत. पेर मोकळं कसं सोडायचं?