आवाज खाणारा डबा

बोना गेल्याचा फोन आला तेव्हा माझा त्याच्याशी अबोला चालू होता. त्यामुळे फोनवर सेलिनवहिनींचं नाव दिसताच मला वाटलं, आला लेकाचा ताळ्यावर, बायकोला मध्ये घातलंय. मी मुद्दाम फोन थोडा वाजू दिला. मग उचलला, आणि… वाद अर्धवट टाकून उठून जायची बोनाची जुनी खोड होती, पण हे म्हणजे सरळ सरळ चीटिंग होतं. झोपेतच गेला. मला उत्तर द्यायची संधी नाही, काही नाही.

त्याचं पूर्ण नाव बोनाव्हेंचर, पण ते फक्त चर्चमधल्या रजिस्टरात. निर्मळच्या केळीच्या वाडीतला माणूस, दिवसा कारखान्यात फिटर आणि लग्नसराईत राजा. वसईतल्या लग्नांच्या मांडवांत आम्ही उभी हयात वाजवलं. तो पुढे उभा राहून लीड गिटार वाजवायचा, मी मागे मान खाली घालून कॉर्ड धरायचो. त्याचा अँप, म्हणजे गिटारचा अँप्लिफायर, जुना, व्हॉल्व्हचा. आतल्या काचेच्या नळ्या चांगल्या तापल्या आणि आवाजाचं बटण पार शेवटाला नेलं, की त्यातून असा काही सूर निघायचा… जरा फाटका, जरा घोगरा, भाचीची पाठवणी करून आलेल्या मामाच्या गळ्यासारखा. तोच अँप हळू वाजवला की नुसत्या बातम्या सांगितल्यासारखा वाजे. बोनाचा नियम होता, समोरच्याच्या पँटचे पाय फडफडले पाहिजेत. नाही फडफडले तर आपण आलो कशाला?

पुढे वाडीतल्या घराच्या वाटण्या झाल्या, आणि मुलानं नायगावला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. पहिल्याच संध्याकाळी बोनानं अँप लावला आणि वाडीत लावायचा तसाच लावला. दारात सोसायटीचे सेक्रेटरी हजर. त्यांच्या मागे त्यांच्या मिसेस, त्यांच्या मागे लिफ्टमध्ये सापडलेला एक कुरिअरवाला, तो बिचारा नुसता बघायला आला होता. "अहो काका, आमच्या कपाटातली भांडी वाजतायत!" सेक्रेटरी म्हणाले. "कुठल्या सुरात?" बोनानं विचारलं. झालं! त्या रात्री मुलगा म्हणाला, "डॅडी, विकून टाका तो. हेडफोनवाला छोटा घ्या." बोनानं उठून अँपची वायर काढली. गिटार भिंतीला लागली. तो खिडकीत बसून खाडीकडे बघत राहायला लागला. ज्या माणसाला मी जेवतानासुद्धा गप्प बघितलं नव्हतं, तो 'हो' आणि 'नाही'वर आला. वहिनींनी मला जिन्यापाशी गाठलं. "सुधाभाऊ, काहीतरी करा. वाजवणं सुटलं तर हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझेल."

मी काही करायच्या आत मुलालाच उपरती झाली. त्यानं इंटरनेटवरून एक काळा लोखंडी डबा मागवला. त्याला अटेन्युएटर म्हणतात. अँप आणि स्पीकरच्या मध्ये तो लावायचा. अँपला वाटतं आपण मांडवात बोंबलतोय, पण स्पीकरपर्यंत पोचतो त्यातला चिमूटभर आवाज. बाकीचा सगळा हा डबा गिळतो. बोना लहान मुलासारखा खूश. मला फोन करून बोलावलं, बटण शेवटाला नेलं, डोळे मिटून वाजवलं आणि विचारलं, "काय?"

"डास," मी म्हणालो.

तिथून आमचं जे भांडण लागलं ते शेवटपर्यंत. माझं म्हणणं साधं होतं. थोडासा आवाज कापायचा तर डबा ठीक आहे, पण पार कुजबुजीवर आणलास की सूर मरतो. स्पीकरचा पडदा हलत नाही, खोलीतली हवा हलत नाही, शिवाय तुझे व्हॉल्व्ह उगाच पूर्ण ताकदीनं जळतायत. त्याचं म्हणणं, हळू आवाजात माणसाचा कानच खर्ज नीट पकडत नाही, त्याला डबा काय करणार? मग परीक्षा ठरली. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहायचं, त्यानं कधी डबा लावून वाजवायचं, कधी डबा काढून, आवाज तेवढाच ठेवून. मी दर वेळी बरोबर ओळखलं. पण डबा काढला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायचं, त्यामुळे कान माझा की कुत्र्याचा, हे काही ठरेना. बोनानं निकाल राखून ठेवला.

या भांडणात वहिनी पडतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. निर्मळच्या घरी चुलीच्या उबेला ठेवलेलं फुग्यांचं पीठ भराभर वर यायचं. फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे, तळलेले गोल गोळे, आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत त्यांच्याशिवाय सण नाही. टॉवरमध्ये चूल कुठली? गार फरशी, खाडीवरचा वारा, पीठ पातेल्यात आजाऱ्यासारखं पडून. नाताळ तोंडावर आलेला. एका शनिवारी बोना वाजवत होता आणि वहिनींचा हात सहज त्या डब्याला लागला. "आई गं! हा तर तापलाय!"

तापणारच. गिळलेला सगळा आवाज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतो. वहिनींनी तो सिद्धांत ऐकून घेतला नाही. आत गेल्या, फडक्यानं झाकलेलं पातेलं आणलं आणि डब्यावर ठेवलं. "वहिनी, अहो त्याला वरून हवा लागते!" मी ओरडलो. त्यांनी खाली दोन लाकडी पट्ट्या सरकवल्या. "लागली हवा. वाजवा हो तुम्ही." त्या संध्याकाळी पीठ फडक्याला डोकं लावून वर आलं. तेव्हापासून शनिवार पिठाचा. स्वयंपाकघरातून हुकूम सुटायचे, "अहो, गोडगोड काय वाजवताय, पीठ हललेलं नाही! जोरात!" उभ्या संसारात तिनं मला पहिल्यांदा जोरात वाजवायला सांगितलं, असं बोना सगळ्यांना सांगत सुटला. फुग्यांची बशी सेक्रेटरींकडे जायला लागली. एकदा बोनाला सर्दी झाली तर ते वर येऊन विचारून गेले, "काका, आज प्रॅक्टिस नाही?"

मी मात्र हटलो नाही. मी म्हणे, "बोना, हा सूर नाही, ही शेगडी आहे." तो फुगा माझ्या तोंडात कोंबून म्हणे, "सुध्या, तुझा खरा सूर हवेत जातो. माझा पोटात जातो." शेवटी मी एक बेत आखला. अर्नाळ्याला किनाऱ्यावर ओळखीच्याची मोकळी जागा आहे. तिथे अँप न्यायचा, डबा घरी ठेवायचा आणि एकदा, फक्त एकदा, पूर्ण उघडून वाजवायचा. मला तो सूर मरायच्या आधी एकदा ऐकायचा होता. कोणाच्या मरायच्या, हे तेव्हा कोणाला माहीत होतं… सगळं ठरवून मी त्याला म्हटलं, येत्या शनिवारी. त्यानं मान खाजवली. "शनिवारी? अरे, शनिवारी पीठ असतं." माझा पारा चढला. "तू गिटार वाजवतोस का बेकरी चालवतोस?" तोच आमचा अबोला.

त्याची महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली आणि मुलानं मला फोन केला, "काका, अँप तुम्हीच घेऊन जा. डॅडींना आवडलं असतं." मी टेम्पो घेऊन नायगावला गेलो. खोटं कशाला बोलू, वाटेत मी मनात अर्नाळाच बघत होतो. घरात वहिनी एकट्या. मी वायरी गुंडाळायला लागलो तर त्यांनी डब्यावर हात ठेवला. "हा राहू दे."

"वहिनी, अँपशिवाय तो काय कामाचा? एकटा नाही तापत तो."

"मग तोही राहू दे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात पातेलं होतं. "शनिवार आहे ना… हातानं सवयीनं भिजवलं. सकाळपासून तसंच बसलंय. थंडी बघा किती आहे."

सुतकात फुगे कोण तळतं, हे मी विचारलं नाही. त्यांनी डब्यावर दोन पट्ट्या मांडल्या, वर पातेलं ठेवलं. खाली टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी वायरी उलगडल्या, परत लावल्या, भिंतीवरची गिटार काढली. मी आयुष्यभर मागे उभा राहून कॉर्ड धरणारा माणूस. बोनाची मांडवातली धून वाजवायला गेलो तर बोटं एकमेकांत अडकली. सूर डासासारखाच येत होता, मी आजही तेच म्हणेन. मधेच मी थांबलो.

वहिनी डब्याशेजारी फरशीवर बसल्या होत्या, तळवा डब्याच्या कडेला लावून, डोळे मिटून. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"गारच आहे अजून," त्या म्हणाल्या. "वाजवा, सुधाभाऊ."