गळ्यातली नळी

माझी मुलगी अडीच वर्षांची असताना तिला घटसर्प झाला. स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती. आम्ही डोंबिवलीत, स्टेशनपासून बऱ्याच आत, भातशेतांच्या कडेला दोन खोल्या घेऊन राहत होतो. मी मुंबईत एका विमा कंपनीत कारकून होतो. आधी साधा ताप आला. मग आवाज बसला. मग श्वास आत घेताना करवत चालल्यासारखा आवाज यायला लागला आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जाऊ लागला. गावातल्या डॉक्टरांनी चमच्याने जीभ दाबून घशात पाहिलं आणि हात धुता धुता म्हणाले, "मुंबईला न्या. आत्ताच निघा, कपडे बदलायलासुद्धा थांबू नका."

मुंबईच्या हॉस्पिटलात दारातच त्यांनी तिला माझ्या हातातून काढून घेतलं. परत पाहिली तेव्हा तिच्या गळ्याला खाली भोक पाडलेलं होतं आणि त्यात चांदीची एक वाकडी नळी बसवलेली होती. श्वास आता नाकातोंडातून नव्हे, त्या नळीतून चालला होता. ती रडत होती. तोंड उघडं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आवाज अजिबात नव्हता. हवा गळ्यातूनच बाहेर पडत असल्यामुळे आवाज फुटणार नाही, असं नर्सने समजावून सांगितलं. तरी बायको मला पुन्हा पुन्हा विचारत होती, "अहो, ही रडतेय ना? मग ऐकू का येत नाही?"

घटसर्प बरा झाला. नळी मात्र निघेना. बूच लावून पाहिलं की पोर निळी पडायची. डॉक्टर म्हणाले, "आतली वाट आकसली आहे. मुलगी मोठी होईल तशी ती रुंदावेल. सहा-सात वर्षांची झाली की प्रयत्न करू."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत नळी राहील. घरी न्या. दोघांपैकी कुणीतरी सगळं नीट शिकून घ्या."

मला ऑफिस होतं, म्हणून बायको शिकली. नळी खरं तर दुहेरी होती, एकात एक बसणारी. बाहेरची मानेमागे फितीने बांधलेली, ती हलवायची नाही. आतली काढायची, चिकटलेला कफ कापडाच्या पट्टीने ओढून काढायचा, नळी उकळायची आणि परत बसवायची. तोवर डब्यातली दुसरी उकळलेली नळी आत घालून ठेवायची. कफ फार झाला तर बारीक रबरी नळी आत सोडून पिचकारीने ओढायचा. हे दिवसातून किती वेळा, याला काही धरबंध नव्हता. घरघर वाढली की करायचं.

घरी आल्यावर काही आठवड्यांत एका रविवारी मी बाहेरच्या पायरीवर दाढी करत होतो. आत बायको मुलीला पुसून काढत होती. फीत भिजून सैल झाली असावी. मुलीला जोराचा खोकला आला आणि बाहेरची नळीच निसटून पडली. बायकोने ती उचलून बसवायचा प्रयत्न केला, पण ते भोक बघता बघता मिटायला लागलं होतं. मी हाक ऐकून आत गेलो तेव्हा मुलीचे ओठ जांभळे झाले होते आणि बायको नळी हातात धरून नुसती बघत होती. मी मुलीला पाटावर आडवी केली, मान मागे टाकली आणि जोर लावून नळी आत ढकलली. रक्त आलं. मग श्वासाची शीळ वाजली.

त्या दिवसापासून बायकोने नळीला हात लावला नाही. ती मुलीला भरवायची, न्हाऊ घालायची, मांडीवर घेऊन बसायची, पण नळी काढायची वेळ आली की तिचे हात असे थरथरायचे की तिलाच त्यांची लाज वाटायची. चार-पाच दिवस मी रजा काढली. शेवटी तीच म्हणाली, "मी मॅट्रिक झालेली आहे. इथल्या प्राथमिक शाळेत बाई हवी आहे म्हणतात. मी जाऊ का?"

"आणि मी?"

"तुम्ही घरी राहा. तुमच्या हातात ही जगेल. माझ्या हातात नाही जगणार."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी राजीनामा दिला.

त्या काळी डोंबिवलीत सकाळी पुरुष स्टेशनकडे जायचे आणि बायका घरी असायच्या. आमच्याकडे बायको छत्री घेऊन शाळेत निघायची आणि मी ओट्याशी पातेल्यात नळ्या उकळत असायचो. शेजारच्या बायका विहिरीवर मला वाट करून द्यायच्या आणि मी गेल्यावर बोलायला लागायच्या. कल्याणला थोरल्या भावाकडे माझी आई असायची. ती एकदा भेटायला आली. मी रबरी नळी घालून मुलीचा कफ ओढत होतो, ते तिने दाराशी उभं राहून पाहिलं. मुलगी झोपल्यावर मला म्हणाली, "देवाने तेव्हाच नेली असती तर सुटली असती रे. तूही सुटला असतास."

मी म्हटलं, "आई, ती झोपली आहे, पण ऐकायला येतं तिला."

आई दुपारच्या गाडीने परत गेली. पुढे येताना नेहमी काहीतरी खाऊ आणायची, पण मुलीच्या गळ्याकडे तिने पुन्हा कधी पाहिलं नाही.

मूल मुकं असलं की त्याच्याकडे पाठ करून चालत नाही. मी डाळ निवडताना, भांडी घासताना तिच्याकडे तोंड करून बसायचो. श्वासाच्या आवाजावरून मला कळायचं: कोरडा असला तर नळीत वाळलेल्या कफाचं कवच धरलंय, बुडबुडा वाजला तर कफ आहे. ती मात्र स्वतःला आजारी समजत नव्हती. जीभ टाळूला आपटून टक् टक् असा आवाज काढायला शिकली होती. एकदा म्हणजे इकडे बघ, भराभर म्हणजे लवकर ये. ओठ हलवून बोलायची आणि आम्ही वाचायचो. 'बाबा' लगेच ओळखू यायचं, 'आई'ला जरा वेळ लागायचा. चार वर्षांची झाल्यावर तिने आपलं आपणच शोधून काढलं की नळीच्या तोंडावर बोट दाबलं तर थोडी हवा वर जाते आणि खरखरीत, फाटका असा एखादा शब्द फुटतो. त्यात तिचा चेहरा लालबुंद व्हायचा. डॉक्टरांनी मनाई केली होती. पण फार राग आला की ती बोट दाबून मला "गाढव" म्हणायची. मी रागावायचा प्रयत्न करायचो आणि मला जमायचं नाही.

धूळ आणि धूर हे आमचे वैरी. नाकातून गाळून येणारी हवा तिच्या नशिबी नव्हती, सगळं थेट छातीत जायचं. नळीवर ओल्या मलमलीचा तुकडा बांधून ठेवायचो. केर काढताना तिला बाहेर न्यायचं, शेगडी पेटवताना बाहेर न्यायचं. उन्हाळ्यात सभोवतालच्या शेतांत पालापाचोळा पसरून राब भाजायला सुरुवात झाली की बाहेरही नेता यायचं नाही. शेतकऱ्यांची चूक नव्हती, पावसाआधी त्यांना जमीन भाजायलाच हवी. आम्ही खिडक्यांना ओल्या चादरी लावून आत बसून राहायचो. चादरी वाळल्या की पुन्हा भिजवायच्या. त्या दिवसांत कफ काळपट यायचा.

हवा बरी असली की मी तिला खांद्यावर घेऊन कोपर गावाकडे खाडीवर जायचो. तिथे ओलसर वारा असायचा आणि धूळ नसायची. तिला पाण्यात जायचं असायचं. पण गळ्यातल्या भोकात पाणी गेलं असतं तर ती उभ्या उभ्या बुडाली असती, म्हणून मी तिला पावलांपुरतंच चिखलात सोडायचो आणि हात घट्ट धरायचो. एकदा जाळं झटकणारी एक कोळीण तिच्याजवळ येऊन बसली. मलमल उचलून तिने नळी पाहिली आणि मला विचारलं, "पोरीचे गल्यान काय घातलाय?"

मी सांगितलं.

"रुप्याची हाय?"

"हो."

"मंग बेस हाय," ती मुलीला म्हणाली. "माजे गल्यान त काय पन नाय."

मुलगी हसली. तिचं हसणं म्हणजे नळीतून भसाभस हवा निघायची. कोळीण दचकली नाही. त्या दिवशी मुलगी घरापर्यंत मान ताठ करून आली.

सहा वर्षांची झाली तेव्हा आम्ही तिला मुंबईला दाखवलं. डॉक्टरांनी आत पाहिलं, बूच लावलं, ती तडफडू लागताच काढलं. "अजून नाही. पुढच्या वर्षी या." येताना गाडीत तिने ओठ हलवून विचारलं, "शाळा?" सगळी मुलं जात होती. बायकोने खिडकीतून बाहेर पाहत उत्तर दिलं, "जायचं. माझ्या वर्गात बसायचं."

मला ते ऐकून धक्काच बसला. घरी आल्यावर मी म्हटलं, "वर्गात नळी तुंबली तर?"

"तर मी आहे."

"तू?"

"मीच असणार ना. दुसरं कोण असणार?"

मुख्याध्यापिकाबाईंनी परवानगी दिली. एकदोन पालक तक्रार घेऊन आले, आमच्या मुलांना रोग लागेल म्हणाले. घटसर्प बरा होऊन वर्षं झाली आहेत, असं बाईंनी त्यांना सांगून परत पाठवलं. मुलगी पहिल्या रांगेत, फळ्यापासून दूरच्या टोकाला बसायची, म्हणजे खडूची धूळ यायला नको. बायकोच्या पिशवीत उकळलेल्या नळीचा डबा असायचा. पहिले काही दिवस मी शाळेच्या कुंपणाबाहेर एका चिंचेखाली बसून राहायचो. मग बायकोने मला घरी पाठवलं. "तुम्ही तिथे दिसलात की माझे हात कापतात," म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका संध्याकाळी ती कणीक मळत होती. मध्येच म्हणाली, "आज नळी तुंबली होती."

मी हातातलं काम खाली ठेवलं.

"पाटी आपटली तिने. जाऊन बघते तर काळीनिळी. आतली नळी काढली, ती पार बंद झाली होती. दुसरी घातली, तरी श्वास येईना. मग रबरी नळी घातली. पिचकारी चालेना, म्हणून तोंडाने ओढलं."

"मग?"

"मग निघालं. वाळलेल्या कफाचा मोठा खडा होता. चूळ भरली आणि उरलेले पाढे घेतले." तिने परातीवर पाणी शिंपडलं. "मुलं खूप शांत बसली होती हो. चांगली आहेत मुलं."

ती नंतर बराच वेळ कणीक मळत राहिली. मळून झाली होती तरी मळत राहिली. त्या हिवाळ्यात, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आम्ही दोघं आळीपाळीने नळी काढायला लागलो.

होळीच्या सुमाराला शाळेत गोवर आला. आमच्या मुलीच्याही कानामागे पुरळ दिसलं आणि ताप चढला. पुरळ मावळलं, पण ताप उतरला नाही. छाती भरली. गावातल्या डॉक्टरांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू केली. ते सकाळ-संध्याकाळ स्वतः येत होते. तिसऱ्या दिवशी छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकल्यावर त्यांनी आम्हाला बाहेर ओसरीवर बोलावलं.

"दोन्ही फुफ्फुसं," ते म्हणाले.

बायकोने विचारलं, "मुंबईला नेऊ?"

"न्या म्हटलं तर न्या. वाटेत काही झालं तर गाडीत होईल. इथे राहिली तर तिच्या अंथरुणावर होईल. मी यापेक्षा जास्त काही सांगू शकत नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बायकोने मान हलवली. आम्ही नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती भात्यासारखी धापा टाकत होती. बोलत नव्हती, ओठसुद्धा हलवत नव्हती. मी सारखी नळी काढत होतो, पट्टी फिरवत होतो, उजेडाकडे धरून आरपार बघत होतो, परत बसवत होतो. मला वाटत होतं, कुठेतरी काहीतरी अडकलंय आणि ते मला दिसत नाहीये. बायकोने माझं मनगट धरलं.

"अहो, नळी स्वच्छ आहे," ती म्हणाली. "राहू दे आता. नुसते जवळ बसा."

मी बसलो. मुलगी चारच्या सुमाराला गेली.

माणसं जमण्याआधी बायकोने दार लावून घेतलं. मानेमागची फीत सोडली आणि नळी काढून घेतली. भोकावर माझा धुतलेला रुमाल घडी करून ठेवला आणि त्यावरून परकराला शोभेलशी लाल फीत बांधली. तिचे हात स्थिर होते. कल्याणहून आई आली ती थेट मुलीपाशी जाऊन बसली आणि तिच्या पायांवरून हात फिरवत राहिली. 

सुट्टी लागेपर्यंत बायको शाळेत जात होती. वर्गातली पहिल्या रांगेतली ती जागा तिने दुसऱ्या मुलीला दिली. रिकामी ठेवली तर शिकवता येणार नाही, म्हणाली. मी घरी बसून होतो आणि मला करायला काही नव्हतं. पाणी उकळायला ठेवायचो आणि का ठेवलं ते आठवायचं नाही. पावसाळा संपल्यावर ती म्हणाली, "आता तुम्ही बाहेर पडा." मी अर्ज करायला लागलो.

ठाण्याला एका कारखान्याच्या ऑफिसात मुलाखतीला बोलावणं आलं. टेबलापलीकडचे गृहस्थ वयाने माझ्याएवढेच असतील. माझा अर्ज वाचून म्हणाले, "विमा कंपनीतली नोकरी चांगली होती. सोडली का? आणि त्यानंतर इतकी वर्षं काय केलंत?"

"घरी होतो."

"आजारी होतात?"

मी त्यांना सगळं सांगू शकलो असतो. ऐकून घेणारे वाटत होते.

"हो," मी म्हटलं.

"आता बरे आहात ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी मला पुढच्या सोमवारपासून यायला सांगितलं.