माईकचा अर्ज

नाशिकच्या कलेक्टर कचेरीबाहेर निंबाच्या झाडाखाली माझे टेबल आणि मराठी टाइपरायटर गेली अनेक वर्षे मांडलेला आहे. लोकांचे अर्ज, तक्रारी, विनंत्या मी लिहून देतो. माझी शाळा नववीत सुटली. परंतु शासकीय मराठीवर माझा हात असा बसला, की वकिलांचे कारकूनही मसुदा नजरेखालून घालण्यासाठी माझ्याकडे येत. यात बढाई नाही. पुढे जे घडले ते या हातामुळेच घडले, म्हणून ते आधी सांगणे मला भाग आहे.

माझी धाकटी बहीण विंचूरजवळच्या एका खेड्यात राहते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, तेव्हा अकरावीत होती. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. मोबाइल गावात पोहोचले होते, वीज मात्र दिवसाचे कित्येक तास नसे. अशा काळात तिच्या शाळेच्या छतावर उपग्रहाचे चित्र पकडणारी एक पांढरी छत्री बसली आणि एका खोलीत मोठा टीव्ही आला. टीव्हीच्या डोक्यावर लहानसा कॅमेरा होता. नाशिकला एका खोलीत बसलेले शिक्षक एकाच वेळी पाच-सहा शाळांतील मुलांना पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला शिकवत. ही आधी भरून ठेवलेली फिल्म नव्हती. शिक्षक मुलांना पाहू शकत, आणि मुलांनी विचारलेल्या शंकेचे तिथल्या तिथे उत्तर देत.

हा वर्ग मी एकदा डोळ्यांनी पाहिला. बहिणीकडे गेलो असता भाचीने मला ओढतच शाळेत नेले. वर्गात एका बागाईतदाराने दिलेली जळकी मोटार टेबलावर होती. पडद्यावर शिक्षक तशाच एका मोटारीतील जळालेली तार पक्कडीने कशी ओढायची ते दाखवत होते, आणि इकडे भाची, हात काळे करून, तेच करत होती. वर्गात मुलगेही होते, परंतु पक्कड सतत हिच्याच हातात. शाळा संपली की गावात रिवाइंडिंगचे, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार भरून देण्याचे, दुकान टाकायचे, हे तिने मनाशी पक्के केले होते. 'मोटार भरायला लासलगावला न्यायची कटकटच नको,' असे ती म्हणे.

एकच अडचण होती. त्या शाळेचा माईक बिघडला होता. शिक्षकांचा आवाज इकडे येई, इकडचा आवाज तिकडे जात नसे. मुलांनी त्यावर तोड काढली होती. भाचीने पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिले, 'सर, तारेखालचा खाचेतला कागद जळाला असेल तर?' आणि पाटी कॅमेऱ्यासमोर धरली. शिक्षक हसले. म्हणाले, "पाटीवाल्या बाईंचा प्रश्न चांगला आहे. बाकीच्या शाळांनीही ऐका." सारा वर्ग हसला, आणि तीही लाजून हसली. ते हसू आठवले की आजही मला टाइपरायटरकडे पाहवत नाही.

शिकवणीच्या शेवटी तोंडी परीक्षा याच टीव्हीवरून होणार होती, आणि तिथे पाटी चालणार नव्हती. म्हणून मुलांनी मुख्याध्यापकांकडे माईक मागितला. ते म्हणाले, "लेखी द्या, मी बघतो." तेवढ्यासाठी बहीण आणि भाची एस.टी.ने नाशिकला माझ्या टेबलापाशी आल्या.

"मामा, चार ओळी लिहा," भाची म्हणाली. "मुख्याध्यापकांच्या नावानं. माईक बदलून द्या, एवढंच."

"चार ओळींचा अर्ज कुणी वाचत नाही, बाई."

"पण आमचं बाकी सगळं छान चाललंय."

"छान चाललंय, असं अर्जात लिहायचं नसतं. मग माईक कशाला देतील?"

बहीण हसली. "लिहू दे गं त्याला. दादाचा अर्ज गेला की हाफिसात पंखे बी जोरात फिरत्यात."

"मला पंखे नको, आई. माईक पाहिजे."

मी कागद चढवला. आमच्या धंद्यात एक रीत आहे. अर्ज ज्याला करायचा त्याच्याही वरच्याला करायचा, आणि शेवटी 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' असे लिहून त्याच्याही वरच्यांना प्रती धाडायच्या. त्यामुळे खालच्याला कागद दडपून ठेवता येत नाही. जमिनीच्या, रेशनच्या कामांत या रीतीने अनेकांचे भले झालेले मी पाहिले आहे. म्हणून मुख्याध्यापकांना मी अर्जाच्या अगदी शेवटी ठेवले. अर्ज केला शिक्षण खात्याला, आणि प्रती कलेक्टरसाहेबांपासून मंत्रालयापर्यंत. मजकुरात लिहिले, की 'सदर वर्ग केवळ नावापुरता असून विद्यार्थ्यांचे अपरिमित नुकसान होत आहे, तरी सखोल चौकशी व्हावी.' माईकचा उल्लेख तिसऱ्या परिच्छेदात आला.

भाचीने वाचले. "मामा, नावापुरता कुठाय? मी तर शिकतेय."

"ही भाषा आहे, पोरी. वरच्यांना अशीच समजते."

तिने सही केली. मामाला कळते, असा तिचा विश्वास होता. कार्बनच्या प्रती पाकिटात घालताना मी स्वतःवर अतिशय प्रसन्न होतो.

प्रत्येक ठिकाणाहून शाळेला पत्र गेले: वर्ग नावापुरता का चालतो, याचा खुलासा करावा. एका पत्राचे उत्तर जाईतो दुसरे येई. मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले, भिडस्त गृहस्थ. त्यांनी अखेर सुटकेचा मार्ग शोधला. वर्ग चालवण्यास शाळा असमर्थ आहे, असे लिहून दिले. काही दिवसांतच गाडी आली. टीव्ही, कॅमेरा, छत्री आणि तो बिघडलेला माईक, सारे उचलून तालुक्यातल्या दुसऱ्या शाळेत नेले.

मी तातडीने शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मग म्हणाले, "अहो, माझ्या नावानं दोन ओळी आल्या असत्या तर विंचूरचा मेकॅनिक संध्याकाळी मोटरसायकलवर आला असता. मी त्याला सांगूनही ठेवलं होतं. फक्त खर्चाला कागद हवा होता."

बहिणीच्या घरी पोहोचलो तेव्हा भाची अंगणात कांद्याची पात निवडत होती. मी म्हणालो, "मी दुसरा अर्ज करतो. फेरविचारासाठी. यात तुमची बाजू अशी मांडतो की..."

"नका मामा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आता काही लिहू नका."

ती त्या दुसऱ्या शाळेत जाऊनही आली. तिथल्या शिक्षकांनी बसू दिले असते, पण तिचे नाव त्या शाळेत नव्हते. तोंडी परीक्षेला तिला धरले नसते. शिवाय जाण्या-येण्याचा प्रश्न होता. बारावी झाली आणि तिचे लग्न झाले. घर चांगले मिळाले, मळा आहे, माणसे मायाळू आहेत. हे मी स्वतःला अनेकदा सांगतो.

काही वर्षांनी तिच्या सासरी गेलो होतो. विहिरीवरची मोटार त्याच सकाळी जळाली होती. जावई ती लासलगावला न्यायला निघाले, तर ही म्हणाली, "थांबा, सोडवून देते. दुकानदाराचा वेळ वाचेल." ओट्यावर पोते अंथरून तिने मोटार उघडली. तार कापली, एकेक वेटोळे पक्कडीने ओढून काढले, तार बसते त्या खाचा ब्रशने साफ केल्या. हात तसेच काळे झाले. मी शेजारी बसून पाहत होतो. मग तिने पक्कड ठेवली आणि सारे पोत्यात बांधायला घेतले.

"आणि नवी तार भरणं?" मी विचारले. विचारायला नको होते.

"तो पुढचा धडा होता, मामा," पोत्याला गाठ मारत ती म्हणाली. "चहा टाकते, बसा."

मोटार न्यायला मी जावयांसोबत गेलो. लासलगावच्या दुकानदाराने पोते सोडले आणि खाचांवरून बोट फिरवले. "कोणी सोडवली हो? एक खाच दुखावली नाही. मग भरून पण टाकायची ना त्यानं!"

"त्यानं नाही, तिनं," मी म्हणालो.

"मग तिनं का नाही भरली?"

जावई माझ्याकडे पाहू लागले. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो आणि आयुष्यात प्रथमच मला एकही वाक्य जुळवता आले नाही.