सांजवेळची काळी टोपी

रेवदंड्याची ती होकायंत्राची चोरी आजही आठवते, आणि आठवली की हसू आवरत नाही. मी तेव्हा नवा फौजदार होतो, घाटावरून आलेला. मासळीच्या वासाची नुकती कुठे सवय होत होती.

श्रावण चालू होता, नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. कोळीवाड्यातला एक तरणा तांडेल, स्वतःचा मचवा हाकणारा, फिर्याद घेऊन ठाण्यावर आला. घरातल्या फळीवरचं पितळी होकायंत्र आदल्या संध्याकाळी नाहीसं झालं होतं. पंचनामा केला. कडीकोयंडा शाबूत, बाकी वस्तू जागच्या जागी. चोर माहीतगार होता एवढं उघड होतं.

दुपारी खबर लागली की शाळेच्या मास्तरांनी मुलांना दिशा शिकवायला हेच यंत्र मागे एकदा मागून नेलं होतं. त्यातच तांडेलाच्या शेजारणीने जबाब दिला. सगळे तिला काकी म्हणत. लांबून शीड पाहून मचवा कोणाचा ते सांगणारी बाई.

"माजे डोले अजून शाबूत हाईत, सायेब. सांच्याला त्या घरातून मास्तरच भायेर पडला. डोक्याव काली टोपी व्हती."

खोटं बोलणारा माणूस जबाब सजवतो. काकी सजवत नव्हती. आणि कोळीवाड्यात झाडून सगळे पुरुष लाल कानटोपी घालणारे. काळी टोपी घालून तिकडे फिरकणारे एकटे मास्तर. हवालदाराने तर कोठडीची चावी हातात घेतली.

मास्तरांना ठाण्यावर बोलावलं. आदल्या संध्याकाळी कुठे होतात, म्हणून विचारलं.

"किनाऱ्यावर फिरत होतो."

"कोणी पाहिलं?"

"कोणी नाही."

उलटसुलट विचारून पाहिलं, पण गडी जागचा हलेना. अटक झाली की नोकरी गेली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी ते म्हणाले, "साहेब, उद्या मुलं शाळेत येतील तेव्हा मी कुठे असेन तेवढं सांगा. त्यांना निरोप ठेवायला हवा."

मी उगाच अंगणातल्या जास्वंदीकडे बघत राहिलो. सूर्य बुडाला होता. बघता बघता ती लालभडक फुलं काळी पडली. पानं मात्र अजून फिकट, स्वच्छ दिसत होती.

"हवालदार, ही फुलं कुठल्या रंगाची?"

"तांबडी की, साहेब. रोज बघतो."

"रोजचं राहू दे. आत्ता कशी दिसतात?"

तो कठड्यावरून वाकला. "आयला! काळीच की!"

मी मास्तरांना घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तशाच सांजवेळी काकीला तिच्या ओट्यावर बसवलं. शेजारी पंच उभे केले. तांडेलाच्या दारातून हवालदाराला बाहेर पडायला सांगितलं, कोणाची तरी लाल कानटोपी घालून.

"काकी, टोपी कुठल्या रंगाची?"

"काली. परवाच्यावानी."

हवालदार कंदील घेऊन जवळ आला. लाल टोपी पाहून सारा वाडा खो-खो हसला. काकी तेवढी हसली नाही. तिने टोपी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली.

"मंग मी मास्तराचा त्वांड बगितला तो?"

"तोंड दिसलं होतं?"

तिने टोपी हवालदाराला परत दिली. "न्हाय. पाठ व्हती."

"मग टोपी सोडा, मास्तर सोडा. नुसती चाल आठवा."

तिने डोळे मिटले. "डावा पाय वढीत व्हता," ती म्हणाली, आणि एकदम तोंडावर हात ठेवला. वाड्यात डावा पाय ओढणारा एकच होता, तांडेलाचा म्हातारा बाप.

म्हाताऱ्याने चौकशीची वेळच येऊ दिली नाही. भाताच्या कणगीत हात घालून त्याने होकायंत्र बाहेर काढलं.

"ह्यो पोरगा पुनवेआधी मचवा लोटाया निंगालता. दर्याला नारल दिल्याबिगर! यंत्राबिगर लांब जानार न्हाय, म्हनून लपवला. मास्तराव बालंट येल असा मना काय ठावं?"

तांडेलाची मान खाली गेली. फिर्याद त्याने तिथेच मागे घेतली, आणि बापलेक दोघेही मास्तरांच्या पाया पडायला गेले.

पुढे एका डॉक्टरांनी मला यातलं शास्त्र सांगितलं. डोळ्याच्या पडद्यावर दोन जातींच्या पेशी असतात. एक उजेडात रंग ओळखते. दुसरी अंधुक वेळी कामाला येते, पण तिला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नाही. आणि डोळा नुसता माल पुरवतो, चित्र जुळवतो तो मेंदू. जिथे माल कमी पडतो तिथे तो घरचं घालतो. काकीच्या डोळ्यांनी काळी टोपी पाहिली, मास्तर तिच्या मेंदूने घातला. म्हणून पुढे नोकरीभर मी साक्षीदाराला दोन प्रश्न वेगवेगळे विचारले: काय दिसलं, आणि कोण वाटलं? या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत किती निरपराध माणसं अडकली असतील, कोण जाणे.

पौर्णिमेला दर्याला नारळ दिला, मचवे सुटले. बंदरावर काकीने सगळ्यांदेखत मास्तरांची काळी टोपी काढली आणि नवी लाल कानटोपी त्यांच्या डोक्यावर चढवली.

"घ्या, मास्तर. आता सांच्याला खुशाल फिरा. कोन दिसला म्हनून इचारला, तर मी पयला कंदील मागीन."